रूपकुंडची हाडे आणि आमचा कुलाभिमान

गतवर्षी येथील आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात एका वक्त्यांची गाडी चुकली, आणि त्यांची जागा भरून काढण्याचे काम ऐन वेळी आमच्यावर येऊन पडले. पदवीधर कारकुनास कोणत्याही विषयावर अर्धा तास बोलता येते अशी मंडळींची समजूत असते. ती खोटी पाडण्याचे धैर्य आमच्या अंगी नव्हते. आम्ही रूपकुंडचा विषय काढला. हिमालयातील ते गोठलेले तळे, त्याच्या काठी पडलेले शेकडो सांगाडे, आणि त्या सांगाड्यांपैकी काही जण आपले कोकणस्थ होते हा शास्त्रज्ञांचा शोध! टाळ्या बऱ्या पडल्या. पुढच्या रांगेतील दोनतीन कुटुंबांनी तर एकमेकांकडे अशा काही अभिमानाने पाहिले की, जणू ते सांगाडे त्यांच्याच घरून काशीयात्रेस निघाले होते.

व्याख्यान संपल्यावर एक निवृत्त लेखाधिकारी काठी टेकीत आमच्याजवळ आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांतील चुका काढलेला हा मनुष्य. ते अगदी शांतपणे म्हणाले, “तुम्ही सांगितलेला हा पुरावा आईच्या बाजूचा ना? मग त्या माणसाच्या बापाचे काय, आज्याचे काय? आणि दुसरे असे की, २०१९ साली यासंबंधी काही निराळेच प्रसिद्ध झाल्याचे मला स्मरते. ते आपण पाहिले असेलच.”

आम्ही ते पाहिले नव्हते. आम्ही जे सांगितले ते २००४ च्या सुमारास, शाळेत असताना, वाचलेले होते आणि पुढे वीस वर्षे ते तसेच्या तसे मनात जपून ठेवले होते. तेव्हा प्रस्तुत लेख हे त्या व्याख्यानाचे शुद्धिपत्रक समजावे. कचेरीत एका ओळीच्या चुकीस एका ओळीचे शुद्धिपत्रक पुरते. येथे ते थोडे लांबले आहे, याचे कारण चूक शोधता शोधता आम्हांस कलकत्त्यातच इतका मजकूर सापडला की, तो वाचकांपुढे न ठेवणे हीच दुसरी चूक ठरली असती.

प्रथम रूपकुंडाविषयी. उत्तराखंडात त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर हे लहानसे तळे आहे. वर्षातील बहुतेक काळ ते बर्फाखाली असते. १९४२ साली माधवाल नावाच्या एका वन-अधिकाऱ्याच्या दृष्टीस तेथील मानवी हाडे पडली. युद्धाचे दिवस होते, म्हणून हे जपानी सैनिक असावेत असा पहिला तर्क झाला. हाडे जुनी आहेत हे दिसल्यावर तो मागे पडला. मग कुणी ती जोरावरसिंहाच्या तिबेटच्या स्वारीतील सैनिकांची मानली, कुणी साथीत मेलेल्या व्यापाऱ्यांची. त्या भागातील लोकांस मात्र अशा तर्काची गरज कधी पडलीच नाही. नंदादेवीची यात्रा त्याच वाटेने जाते, आणि कनोजचा राजा जसधवल आपला लवाजमा व नर्तकी घेऊन त्या पवित्र स्थळी गेला, देवीचा कोप झाला आणि आकाशातून लोखंडासारख्या गारा कोसळून सर्वजण गतप्राण झाले, ही कथा तेथे गाण्यांतून चालत आलेली आहे.

१९५५-५६ च्या सुमारास लखनौचे मानववंशशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी रूपकुंडच्या हाडांचा अभ्यास हाती घेतला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; ते पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतरचा ठळक प्रसंग म्हणजे २००३-०४ ची मोहीम, आणि येथेच मराठी माणसांचा प्रवेश होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे व प्रमोद जोगळेकर हे त्या कामात होते. वाळिंबे यांना काही कवट्यांच्या माथ्यावर वाटोळ्या खोलगट जखमा आढळल्या. शस्त्राची जखम अशी नसते, आणि दरड कोसळली तर मार केवळ माथ्यावरच बसत नाही. वरून, सरळ, गोल आणि जड असे काही पडले असले पाहिजे. चेंडूएवढ्या गारा! लोकगीतातील देवीचा कोप प्रयोगशाळेच्या मेजावर असा उतरलेला पाहून कुणासही आनंद व्हावा. आम्हांस तर तो आजही होतो. काही हाडांचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढले तेव्हा ते इसवी सन ८५० च्या आसपास आले. आणि हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात काही नमुन्यांतील डीएनए तपासला असता त्यात अशी काही खूण दिसली की, जी महाराष्ट्रातील कोकणस्थ ब्राह्मणांत आढळते असे सांगण्यात आले. उंच बांध्याचे लोक यात्रेकरू, ठेंगणे लोक स्थानिक भारवाहक, आणि यात्रेकरू कोकणस्थ, असे चित्र मग वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शनवरील माहितीपटांतून सर्वत्र पसरले.

आमच्या घरी हे चित्र किती आवडले म्हणून सांगावे! आम्ही स्वतः कोकणस्थ. घाऱ्या डोळ्यांचा विषय आमच्या घराण्यात जन्मापासून तेराव्यापर्यंत निघतो. सह्याद्रिखंडातील ती कथा तर सर्वश्रुतच आहे: समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली आणि त्यांच्यापासून हा समाज झाला. आजोबा ही कथा सांगत तेव्हा ‘वाहून आलेली’ या शब्दावर भर देत, जणू कुठून हे विचारण्याचे आव्हानच देत आहेत. त्यामुळे हजार-बाराशे वर्षांपूर्वी आपलेच पूर्वज हिमालयाच्या शिखरापर्यंत पोहोचले होते असे शास्त्रच म्हणते, म्हटल्यावर त्या शास्त्राची उलटतपासणी कोण करणार? ज्या पुराव्याने आपला सन्मान होतो त्याची पावती आपण सहसा मागत नाही.

आता कलकत्त्याकडे वळू. चौरंगीवरून जाताना ज्या भव्य वास्तूस बंगाली माणूस ‘जादुघर’ म्हणतो ते इंडियन म्यूझियम १८१४ साली एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने स्थापन झाले. मराठी पाहुणे आले की आपण त्यांना तेथील ममी दाखवून आणतो. परंतु माणसांच्या समूहांची तुलना गणिताने कशी करावी, या विद्येचा एक मोठा उगम याच वास्तूच्या आसऱ्याने झाला, हे आमच्या तरी गावी नव्हते. त्या उगमाचा पहिला झरा तर आपल्या नागपुरास फुटला. १९२० साली तेथे इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन होते. प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांच्याजवळ कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापे जमा होती. ती त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदार्थविज्ञानाचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या हाती दिली आणि यातून काही निघते का पाहा म्हणून सांगितले. १९२२ साली त्यावरील त्यांचा पहिला निबंध म्यूझियमच्याच नियतकालिकात आला.

प्रश्न वरवर सोपा होता: हा समूह त्या समूहास किती जवळचा? परंतु उंची, डोक्याची लांबी, नाकाची रुंदी अशी मापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. उंच माणसाचे हातही लांब असतात. म्हणून उंची आणि हात दोन्ही मोजून फरकांची बेरीज केली, तर एकच फरक दोनदा मोजल्यासारखे होते. लेखापरीक्षकाच्या भाषेत सांगावयाचे तर एकच खर्च दोन खात्यांत पडतो. ही पुनरुक्ती वजा करून दोन समूहांतील खरे अंतर काढण्याची रीत महालनोबिसांनी बसविली आणि १९३६ साली तिला पक्के रूप दिले. जगात आज ती ‘महालनोबिस अंतर’ या नावाने ओळखली जाते. मधल्या काळात, १९३१ च्या अखेरीस, त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली होती. बारानगरची ती संस्था आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरून तरी पाहिली असेल.

१९४१ साली संयुक्त प्रांतात माणसांची मापे घेण्याची मोठी पाहणी झाली आणि तिचा वृत्तान्त १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावे आहेत: महालनोबिस, सी. आर. राव, आणि रूपकुंडचे तेच धीरेंद्रनाथ मजुमदार. म्हणजे रूपकुंडची हाडे ज्यांनी अभ्यासास घेतली त्यांनी समूहांतील अंतर मोजण्याचे काम कलकत्त्याच्या मंडळींबरोबर आधीच केलेले होते. राव यांची हकीकत तर याहून चित्तवेधक आहे. सुदानमधील जेबेल मोया येथे हेन्री वेलकम यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी उत्खनन केले होते आणि तेथील मानवी अवशेष केंब्रिजला नेले होते. त्यांची मापे कशी लावावी हे तेथे कुणास उमजेना, म्हणून कलकत्त्याकडे विचारणा झाली. १९४६ साली राव केंब्रिजला गेले. राज्य इंग्रजांचे, हाडे आफ्रिकेची आणि गणित कलकत्त्याचे! रामकृष्ण मुखर्जी, राव आणि ट्रेव्हर यांचा त्यावरील ग्रंथ १९५५ साली निघाला.

याच सुमारास, १९४५ च्या डिसेंबरात, प्राणिसर्वेक्षण खात्यातून फुटून भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण हे स्वतंत्र खाते झाले. बिरजाशंकर गुहा हे त्याचे पहिले प्रमुख. आरंभी हे खाते काशीस होते; १९४८ साली ते कलकत्त्यास आले. रूपकुंडच्या हाडांचा एक मोठा साठा पुढे याच खात्याच्या ताब्यात राहिला. आम्ही ज्या शहरात रोज ट्रामची वाट पाहत उभे राहतो त्याच शहरात ती हाडे होती, आणि आम्ही मात्र त्यांच्याविषयी पुण्याच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या आधारे बोलत होतो.

पुण्याचे नाव घेतले की इरावती कर्वे यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असमतोलावर प्रबंध लिहिला. वंशावंशांत या बाबतीत उच्चनीच भेद दिसावा अशी गुरूंची अपेक्षा; इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा भेद दिसत नाही असे लिहून दिले. ज्या गुरूच्या हाती आपली पदवी आहे त्याच्या मतास आकड्यांनी नकार देण्यासाठी काय लागत असेल, याची कल्पना नोकरदार माणसास चांगलीच करता येईल. पुढे त्यांनी वि. म. दांडेकरांसह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनावर ग्रंथ लिहिला, तो १९५१ चा. एका मूळ जातीचे तुकडे होत पोटजाती झाल्या असे घुर्ये मानीत. इरावतीबाईंचे म्हणणे याच्या उलट की, निरनिराळे समूह एका नावाखाली एकत्र आले आणि तरीही आपापली सोयरीक सांभाळून राहिले. ‘ब्राह्मण’ या एका शब्दाखाली कोकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे बसतात म्हणून ते एका रक्ताचे ठरत नाहीत. आमच्या आजोबांना हे मत अर्धे पटत असे. देशस्थ आपल्याहून निराळे एवढेच ते त्यातून उचलीत.

मापपट्टीच्या जागी जनुके आली तरी मूळ प्रश्न तोच राहिला. कलकत्त्याजवळ कल्याणी येथे राष्ट्रीय जैववैद्यक जीनोमिकी संस्था आहे. तेथील अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी २०१६ साली आजच्या भारतीय समूहांचे जनुकीय विश्लेषण करून असे दाखविले की, बऱ्याच उच्चवर्णीय समूहांत एकमेकांत विवाह होण्याचे प्रमाण सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपास, एकाएकी घटले. त्याआधी सर्वांची सरमिसळ चालूच होती. ही गोष्ट जिवंत माणसांच्या रक्तावरून कळली. मेलेल्यांस विचारणे मात्र फार अवघड, आणि ते का अवघड आहे हे समजल्याखेरीज लेखाधिकाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

माणूस मेला की त्याच्या पेशींतील डीएनएची लांब साखळी तुटू लागते. उष्णता आणि ओल ही त्याची शत्रू. म्हणून सैबेरियाच्या बर्फात जे टिकते ते आमच्या गंगेच्या काठी टिकत नाही. हजारभर वर्षांनी उरतात ते शंभर अक्षरांहूनही लहान असे तुकडे. हाडात शिरलेल्या जंतूंचा डीएनए त्यात मिसळलेला असतो, आणि ज्यांनी ज्यांनी ते हाड हातात घेतले त्या सर्वांचाही. या शेवटच्या संकटाने मोठमोठ्यांस फसविले आहे. स्वीडनचे स्वांते पेबो तरुणपणी आपल्या प्राध्यापकांच्या नकळत हा उद्योग करीत. वाळवलेल्या मांसात डीएनए टिकतो का हे पाहण्यासाठी त्यांनी वासराचे काळीज विकत आणून प्रयोगशाळेतील भट्टीत ठेवले होते. १९८५ साली एका इजिप्शियन ममीतील डीएनए वाचल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले आणि जगभर नाव झाले. तो डीएनए बहुधा अलीकडच्याच कुणा माणसाचा, बाहेरून लागलेला होता, असे त्यांनी स्वतःच नंतर मान्य केले. याच पेबोंना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

खरे जुने आणि नंतर चिकटलेले यांतील भेद ओळखण्याची खूण मोठी मौजेची आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी हे अक्षर तुटक्या टोकांपाशी हळूहळू झिजते आणि वाचताना त्या जागी टी दिसते. ताज्या डीएनएत ही झीज नसते. जुन्या दस्तऐवजाच्या कडा कुरतडलेल्या असाव्यात आणि कोऱ्या कागदावरील बनावट नक्कल त्यावरून पकडली जावी, तसाच हा प्रकार. म्हणून ही हाडे स्वच्छ केलेल्या बंद खोलीत, अंगभर आवरण घालून, अगदी थोडी पूड निघेल इतकीच कोरतात. त्या पुडीतून डीएनए मोकळा करून तो वाळूच्या जातीच्या एका द्रव्यावर चिकटवून घेतात आणि बाकीचे धुऊन टाकतात. कानामागील टणक हाडात तो सर्वांत चांगला टिकतो, हे गेल्या दशकात ध्यानात आले. इतके करूनही यश किती? राखीगढी येथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तेथील ६१ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी एका स्त्रीचाच जीनोम हाती लागला. तो निबंध २०१९ साली आला. एकसष्टांत एक! आमच्या कचेरीतील जुन्या नस्त्या सापडण्याचे प्रमाणही याहून बरे आहे.

पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. केंद्रकातील सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा, आणि केंद्रकाबाहेर तंतुकणिकांतील साडेसोळा हजार अक्षरांचा. दुसरा लहान खरा, परंतु त्याच्या प्रती प्रत्येक पेशीत शेकड्यांनी असतात. म्हणून जुन्या हाडात तो सापडणे सोपे. २००४ च्या सुमारास साधनेही तेवढीच होती. हा लहान डीएनए केवळ आईकडून येतो. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज होतात. त्यांपैकी हा एकीचाच, आईच्या आईच्या आईचा, दाखला देतो. उरलेल्या १,०२३ जणांविषयी तो मुका आहे. शिवाय आईकडून आलेली एखादी खूण एका समाजात आढळली म्हणजे ती इतरांत नाही असे होत नाही. इतरांचे नमुने आपल्याजवळ नाहीत एवढेच कदाचित सिद्ध होईल. लेखाधिकाऱ्यांनी नेमके येथेच बोट ठेवले होते. यात २००४ च्या संशोधकांचा दोष आम्ही धरीत नाही. त्यांनी एक खूण दिसल्याचे सांगितले. त्या खुणेची वंशावळ आम्ही वाचकांनी केली.

हे वाचून आमचे समाधान झाले नाही. ‘स्वतः केल्याविना कळत नाही’ हे स्वयंपाकाइतकेच येथेही खरे. संख्याशास्त्राचा एक विद्यार्थी आमच्या शेजारी राहतो; त्याने सांगितले की, हार्वर्ड येथील डेव्हिड राइश यांच्या प्रयोगशाळेने प्राचीन नमुन्यांची अक्षरे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, त्यांत रूपकुंडही आहे, आणि विश्लेषणाची साधनेही फुकट मिळतात. तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर घरच्या संगणकावर आमचे शिक्षण सुरू झाले. सौभाग्यवतींनी आरंभी ते सरकारी काम समजून चहा दिला. खरा प्रकार कळल्यावर चहा बंद झाला.

प्रत्येक माणसाच्या जीनोममधील बारा लाखांहून अधिक ठरावीक जागा घ्यावयाच्या, तेथे कोणते अक्षर आहे ते लिहावयाचे, आणि या प्रचंड तक्त्यातून ज्या दोन दिशांनी माणसे सर्वांत अधिक वेगळी पडतात त्या काढून कागदावर ठिपके मांडावयाचे. महालनोबिसांच्या रीतीची ही सख्खी नसली तरी चुलत बहीण. जुन्या नमुन्यांत पुष्कळ जागा रिकाम्या असतात, आणि जेथे अक्षर मिळते तेथेही बहुधा आईबापांपैकी एकाचेच. आम्ही जुने-नवे सर्व नमुने एकत्र करून गणित चालविले. सकाळी पाहतो तो रूपकुंडचे बरेचसे ठिपके नकाशाच्या मध्यभागी गोळा झालेले! सर्व मानवजातीचे मिश्रण रूपकुंडास झाले होते असा एक भव्य सिद्धान्त दाढी करीपर्यंत आमच्या मनात तयारही झाला. विद्यार्थ्याने तो एका वाक्यात पाडला. रिकाम्या जागी गणित सरासरी भरते, आणि ज्याच्याजवळ रिकाम्या जागा अधिक तो आपोआप मध्याकडे ओढला जातो. नकाशा प्रथम जिवंत माणसांचा काढावा, आणि मग मेलेल्यांस, त्यांच्याजवळ जेवढी अक्षरे आहेत तेवढ्यांच्याच आधारे, त्यावर नेऊन बसवावे.

दुसरी चूक अधिक बोधप्रद होती. नकाशासाठी आम्ही केवळ भारतातील समूह घेतले, कारण भारतातील तळे, माणसेही भारतातलीच असणार! रूपकुंडचे काही ठिपके तेव्हा भारतीय रेघेच्या वायव्य टोकापाशी जाऊन बसले आणि सर्व काही यथास्थित दिसू लागले. विद्यार्थी म्हणाला, “काका, आता यात युरोप आणि पश्चिम आशिया मिळवा.” ते मिळवताच ते ठिपके उठले आणि थेट ग्रीस व क्रीटच्या लोकांशेजारी जाऊन बसले. यादीत जे नाव नाही ते उत्तरात कधीच येत नाही. आमच्या शालेय वयात वाचलेल्या त्या बातमीची आठवण होऊन आम्ही काही वेळ तसेच बसून राहिलो.

एडीन हार्नी, नीरज राय, थंगराज, राइश आदी मंडळींचा २०१९ चा निबंध आता आम्हांस वाचता येऊ लागला. नमुने याच कलकत्त्यातील सर्वेक्षण खात्यातून घेतलेले: ७६ हाडे व दात. त्यांतून ३८ व्यक्तींचा केंद्रकीय डीएनए मिळाला. २३ पुरुष, १५ स्त्रिया. कोणीही कोणाचे जवळचे नातलग नाही, म्हणजे हे कुटुंबकबिल्याचे प्रवासी नव्हते. स्त्रियांची ही संख्या पाहता सैन्याची कल्पनाही टिकत नाही. या ३८ पैकी २३ जण भारतीय उपखंडाचे. परंतु एका समाजाचे, एका प्रांताचे नव्हेत. आज भारतात जितक्या परीची सरमिसळ आढळते तितक्या परींवर ते विखुरलेले आहेत. राजाचे कुटुंब नाही आणि आमचे कोकणस्थही नाहीत. निरनिराळ्या ठिकाणांहून देवीच्या वाटेस लागलेली माणसे. त्यांचा आहारही एकसारखा नव्हता. आणि ती सर्व एकाच दिवशी मेली असेही नाही: त्यांचे काळ सातव्या ते दहाव्या शतकांत पसरलेले आहेत. गारांचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही, तो काही कवट्यांपुरता राहतो इतकेच.

उरलेल्यांपैकी एक जण आग्नेय आशियाच्या वंशाचा. आणि चौदा जण पूर्व भूमध्य प्रदेशाचे, आजच्या क्रीट व ग्रीसच्या लोकांशी सर्वांत जवळचे. त्यांचा काळ इसवी सन १८०० च्या सुमाराचा! शिकंदराच्या सैन्याचे वंशज म्हणावे तर दोन हजार वर्षांत येथील रक्त त्यांत मिसळावयास हवे होते. ते मिसळलेले नाही.

चौदा. हा आकडा वाचून आम्ही खुर्चीतच सरसावलो. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते आणि पर्वतावर सापडलेले चौदा परदेशी! आजोबा असते तर त्यांनी यावर एक कीर्तन उभे केले असते. हा योगायोग आहे, निव्वळ योगायोग. ३८ नमुन्यांत चौदा आले, आणखी हाडे तपासली तर वीसही होतील. कुणी उत्साही लेखकाने यावर कादंबरी रचू नये म्हणून आम्हीच आधी सांगून ठेवतो.

कारकुनाच्या मनात पहिली शंका येते ती वेगळीच: कोठीतील चिठ्ठ्या तर बदलल्या नसतील? खोकी हलतात, क्रमांक पुसट होतात, हे आमच्याइतके कोण जाणतो! अशी चूक अशक्य नाही. परंतु त्या शंकेजवळही या प्रश्नाचे उत्तर नाही की, दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या चौदा ग्रीकवंशीयांची हाडे भारतातील दुसऱ्या कोणत्या ठिकाणाहून येऊन त्या खोक्यांत शिरली.

ग्रीक माणसे त्या काळी भारतात नव्हती असे मात्र नाही, आणि ती होती याच शहरात. अठराव्या शतकात ग्रीक व्यापारी कलकत्त्यास वस्ती करून होते. त्यांचे जुने देऊळ अमडातल्ल्यात होते. त्यांच्या मुलांस शिकविण्यासाठी अथेन्सचे दिमित्रिओस गालानोस १७८६ साली येथे आले. काही वर्षे शिकवणी करून ते काशीस गेले, पंडितांप्रमाणे राहिले, संस्कृत ग्रंथांची ग्रीक भाषांतरे केली आणि १८३३ साली तेथेच वारले. म्हणजे १८०० च्या सुमारास गंगेच्या काठाकाठाने वर सरकणारा एक तरी ग्रीक आम्हांस नावानिशी ठाऊक आहे. त्याचा रूपकुंडाशी संबंध होता असे म्हणण्यास तिळमात्र आधार नाही. चौदा परदेशी लोक, त्यांत स्त्रियाही असाव्यात, अशा दुर्गम जागी एकत्र मरतात आणि कोणत्याही नोंदवहीत त्याची ओळ सापडत नाही, हे कोडे तसेच आहे.

मागच्या रविवारी आम्ही त्या लेखाधिकाऱ्यांस घेऊन कालीघाटच्या ग्रीक चर्चपर्यंत चालत गेलो. त्याची पायाभरणी १९२४ ची. हाजरा रोडवर येणाऱ्या मराठी माणसाच्या वाटेवरच ते आहे आणि आम्ही शेकडो वेळा ट्रामडेपोकडे जाताना त्याच्या खांबांकडे पाहिलेही होते, कुणा इंग्रजाची बँक असावी अशा समजुतीने. फाटक बंद होते. काकांनी गजांतून थोडा वेळ आत पाहिले आणि मग विचारले, “ते ठिपक्यांचे चित्र यंदा गणपतीत दाखवाल ना? जरा मोठे छापून आणा. मला आता बारीक दिसत नाही.”

आम्ही ते छापावयास टाकले आहे.